सुपरचार्ज्ड गाडीचा बूस्ट बिनचूक कसा मोजावा

“माझी गाडी आठ पीएसआय बूस्ट देते,” असं कोणी अभिमानानं सांगितलं की मला तीन प्रश्न पडतात. मोजला कुठे? शून्य कुठलं धरलं? आणि किती आरपीएमला? बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाला समोरचा गप्प होतो. गेज महागडं असतं, बसवलेलंही देखणं असतं, पण नळी नको तिथे जोडलेली असते आणि काटा इमानेइतबारे त्या नको त्या जागेचा दाब दाखवत असतो. या तीन प्रश्नांची उत्तरं आकड्यासोबत लिहिता आली, तरच तो आकडा दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या गाडीशी ताडून बघता येतो. हा लेख पहिल्यांदाच बूस्ट मोजायला बसलेल्यांसाठी आहे. सुपरचार्जर, म्हणजेच ब्लोअर, हा इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप; त्याने वाढवलेला दाब म्हणजे बूस्ट. पाने आणि स्क्रू ड्रायव्हर हातात धरता येतात एवढंच मी गृहीत धरलं आहे.

आधी थोडा हिशेब

आपल्याभोवतीची हवा दाब देतच असते. समुद्रसपाटीला हा दाब साधारण १०१.३ किलोपास्कल, म्हणजे १४.७ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) किंवा १.०१ बार असतो. बूस्ट म्हणजे या दाबाच्या वर इंजिनात ढकललेला जादा दाब. मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातला, एकूण दाब १६२ किलोपास्कल असेल आणि बाहेरचा १०१, तर बूस्ट ६१ किलोपास्कल, म्हणजे जवळपास ८.८ पीएसआय.

एकूण दाबाला निरपेक्ष दाब म्हणतात. गाडीचा स्वतःचा मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब मोजतो. डॅशबोर्डवर बसवायचं काट्याचं गेज मात्र फरक मोजतं. अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. एक जण म्हणतो “१.६ बार”, दुसरा म्हणतो “०.६ बार”, आणि दोघांची गाडी एकाच दाबावर चाललेली असते.

एककांचं कोष्टक पाठ करायची गरज नाही. एवढं जवळ ठेवा: १ बार म्हणजे १०० किलोपास्कल म्हणजे १४.५ पीएसआय, आणि १ पीएसआय म्हणजे ६.९ किलोपास्कल. बऱ्याच गेजवर शून्याच्या डावीकडे व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत छापलेला असतो आणि उजवीकडे बूस्ट पीएसआयमध्ये. एकाच तबकडीवर दोन एककं असतात हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. साधारण दोन इंच पारा म्हणजे एक पीएसआय, त्यामुळे डावीकडचा “२०” आणि उजवीकडचा “२०” यांत दुपटीचा फरक आहे.

तुमच्या गाडीत ब्लोअर कुठल्या जातीचा आहे

बोनेट उघडून पहिल्यांदा हेच बघा, कारण नळी कुठे जोडायची ते यावर ठरतं.

रूट्स आणि ट्विन स्क्रू ब्लोअर दर फेऱ्यामागे ठरावीक घनफळ हवा पुढे ढकलतात. रूट्स हे नाव ज्या दोन अमेरिकन भावांवरून पडलं, त्यांनी १८६० मध्ये पेटंट घेतलं तेव्हा पेट्रोलवर चालणारी मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. हवा फुंकण्याचं हे यंत्र कारखान्यांत आणि भट्ट्यांवर वापरलं जाई. या जातीच्या ब्लोअरमध्ये बहुतेक वेळा थ्रॉटल (हवेची वाट उघडणारी-मिटणारी झडप) आधी, मग ब्लोअर, मग असल्यास इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा) आणि शेवटी मॅनिफोल्ड असा क्रम असतो. २००२ ते २००६ दरम्यानची मिनी कूपर एस हे याचं ठळक उदाहरण.

सेंट्रिफ्यूगल ब्लोअर दिसायला टर्बोच्या थंड बाजूसारखा गोगलगाईच्या शंखासारखा असतो, फक्त त्याला एक्झॉस्टऐवजी पट्टा फिरवतो. इथे क्रम उलटा: ब्लोअर आधी, मग इंटरकूलर, मग थ्रॉटल, मग मॅनिफोल्ड.

नळी कुठे जोडायची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका.

आपल्याला हवा आहे तो इंजिनाच्या सिलिंडरांना मिळणारा दाब. म्हणजे ब्लोअर, इंटरकूलर आणि थ्रॉटल हे सगळं ओलांडून गेल्यावरची जागा: मॅनिफोल्डची मोठी पोकळी, ज्याला प्लेनम म्हणतात. तिथे कारखान्यातूनच दिलेलं रिकामं तोंड सापडलं, रबरी टोपी लावलेलं, तर तुमचं नशीब चांगलं. तेच वापरा.

थ्रॉटल आधी असलेल्या गाडीत थ्रॉटल आणि ब्लोअर यांच्या मधल्या भागात बूस्ट कधीच नसतो. तिथे कायम व्हॅक्यूम, किंवा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर जेमतेम बाहेरच्या हवेइतका दाब. मी पहिलं गेज बसवलं तेव्हा नेमकी तिथलीच एक सोयीची नळी फोडली होती. काटा शून्यापर्यंत येऊन थबकायचा, आणि मी आठवडाभर ब्लोअर खराब झाला असं समजून पट्टा, पुली, गळती सगळं तपासत बसलो. बायपास व्हॉल्व्हच्या (बूस्ट नको असताना हवा ब्लोअरला वळसा घालून जाऊ देणाऱ्या झडपेच्या) डबीकडे जाणारी नळी हीसुद्धा अशीच फसवी असते. अनेक गाड्यांत ती ब्लोअरच्या आधीच्या भागातून येते.

सेंट्रिफ्यूगल गाडीत उलटी फसगत होते. थ्रॉटलच्या आधीच्या पाइपात नळी जोडली, तर अर्ध्या थ्रॉटलवरही बूस्ट दिसतो, जो इंजिनापर्यंत पोचलेलाच नसतो. शिवाय इंटरकूलरच्या आधी मोजलं तर इंटरकूलरमध्ये जिरलेला दाब तुमच्या आकड्यात धरला जातो. चांगल्या इंटरकूलरमध्ये हे नुकसान पीएसआयच्या अंशांत असतं, पण छोट्या किंवा कचरा अडकलेल्या इंटरकूलरमध्ये दोन पीएसआयसुद्धा जाऊ शकतात. दोन गाड्यांची तुलना करताना एकाने इंटरकूलरआधी आणि दुसऱ्याने नंतर मोजलेलं असेल, तर त्या वादाला अंत नाही.

आणखी काही जागा सोयीच्या दिसल्या तरी सोडून द्या:

ब्रेक बूस्टरची नळी. तिच्यात एकेरी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या पलीकडे जोडलं तर बूस्ट पोचतच नाही, आणि अलीकडे जोडलं तरी ब्रेकच्या वाटेत एक जादा सांधा तयार होतो. गेजच्या हौसेपायी ब्रेकशी खेळ नको.

क्रॅंककेसची वाफ ओढून घेणारी नळी. तिच्यातही एकेरी व्हॉल्व्ह आहे, वर तेलाचा चिकटा.

मॅप सेन्सरची नळी, जर तो नळीने जोडलेला असेल तर. दाब इथला अगदी बरोबर मिळतो, पण तुमचा सांधा गळला तर ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) दाब कमी दिसेल आणि भर बूस्टमध्ये तो पेट्रोल कमी सोडेल. इंजिन उडवायची याहून सोपी रीत नाही. इंधन दाबाच्या रेग्युलेटरची नळीही याच कारणासाठी टाळावी. दुसरी जागाच नसेल तर जोडा, पण मग प्रत्येक टोकाला क्लिप हवीच.

एकाच सिलिंडरकडे जाणारा मॅनिफोल्डचा फाटा. तिथे दर वेळी व्हॉल्व्ह उघडला की दाब खाली-वर होतो. काटा थरथरतो आणि सरासरी फसवी येते.

गेज कोणतं घ्यावं

काट्याच्या यांत्रिक गेजमध्ये वाकवलेली चपटी धातूची नळी असते. आत दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि दातेरी चाकांमधून काटा फिरवते. युजीन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि मूळ रचना आजही तीच आहे. तिची एक खुबी मला फार आवडते: ही नळी आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरकच मोजते, त्यामुळे तुम्ही डोंगरावर असा की किनाऱ्यावर, वजाबाकी आपोआप होते. तोटा असा की इंजिनापासून केबिनपर्यंत नळी आणावी लागते, आणि त्या नळीत पेट्रोलची वाफ असू शकते. नळी सुटली तर ती वाफ तुमच्या पायाशी.

इलेक्ट्रॉनिक गेजचा सेन्सर बोनेटखालीच राहतो आणि केबिनमध्ये फक्त तारा येतात. माझं मत विचाराल तर नव्याने बसवणाऱ्याने हेच घ्यावं, आणि शक्यतो नोंद साठवणारं.

घेताना मर्यादा बघा. गेजची अचूकता बहुधा पूर्ण मोजपट्टीच्या टक्क्यांत दिलेली असते. ३० पीएसआयपर्यंतचं गेज दोन टक्के अचूक असेल तर चूक ०.६ पीएसआय, आणि ती सगळीकडे तेवढीच. ७ पीएसआयच्या गाडीवर ते ६.४ ते ७.६ मधलं काहीही दाखवू शकतं. तीच अचूकता १५ पीएसआयच्या गेजवर असेल तर चूक निम्मी. म्हणून “मोठं घेऊन ठेवू, पुढेमागे लागेल” हा विचार इथे महागात पडतो. तुमचा कमाल बूस्ट तबकडीच्या अर्ध्या ते पाऊण भागात यावा.

सेन्सरवर “२ बार”, “३ बार” असं लिहिलेलं असतं. हे आकडे सहसा निरपेक्ष दाबाचे असतात. २ बारचा सेन्सर म्हणजे समुद्रसपाटीला फक्त १ बार बूस्टपर्यंत. त्याच्या पुढे तो गप्प बसत नाही, शेवटच्या आकड्यावर अडकून राहतो, आणि आपल्याला वाटतं बूस्ट किती छान स्थिर आहे.

जोडणी, पायरी पायरीने

१. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. पट्टा आणि पंख्याजवळ हात जाणार असेल तर किल्ली स्वतःच्या खिशात.

२. निवडलेल्या तोंडाची टोपी काढा किंवा नळी कापून टी (तीन तोंडांचा सांधा) बसवा. टीची तोंडं नळीच्या आतल्या व्यासाशी जुळणारी घ्या. ओढून ताणून बसवलेली नळी काही दिवसांनी चिरते.

३. नळी जाड भिंतीची घ्या. पातळ सिलिकॉन नळी व्हॅक्यूमला चपटते आणि बूस्टला फुगते. नायलॉनची कडक नळी मोजमापाला उत्तम, पण एक्झॉस्टजवळून नेली तर वितळते.

४. मॅनिफोल्डच्या टोकाजवळ साधारण एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारा तुकडा) टाका. त्याने ब्लोअरची थरथर मावळते, आणि पुढे नळी सुटलीच तर गळती छोटी राहते. भोक याहून फार बारीक केलं तर काटा सुस्तावतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. “नळी लांब असली की दाब उशिरा पोचतो” असं सगळे सांगतात. हवेतून दाबाची लाट आवाजाच्या वेगाने जाते, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. दोन मीटर नळीला सहा मिलिसेकंद लागतील. डोळ्याला हे कळणंही शक्य नाही. उशीर होतो तो बारीक भोकातून नळीतली सगळी हवा भरायला लागणाऱ्या वेळेमुळे. म्हणजे लांब आणि रुंद नळी अधिक बारीक रिस्ट्रिक्टर ही जोडी वाईट. नळी लांब असेल तर बारीक व्यासाची घ्या, एवढंच.

५. सेन्सर मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा उंच आणि तोंड खाली करून बसवा. तेल आणि पाणी परत खाली ओघळू दे. तो इंजिनावर न बसवता बॉडीवर बसवा, म्हणजे हादरे आणि उष्णता कमी.

६. प्रत्येक सांध्याला क्लिप. झिप टाय चालते, पण उष्णतेत ती ढिली पडते.

७. तारांमध्ये सेन्सरची अर्थिंगची तार गेजच्या स्वतःच्या अर्थिंगच्या तारेलाच जोडा, जवळ दिसणाऱ्या बोल्टला नाही. बहुतेक सेन्सर ५ व्होल्टवर चालतात आणि त्यांचा निकाल त्या ५ व्होल्टच्या प्रमाणात असतो. समजा ०.५ ते ४.५ व्होल्ट म्हणजे ० ते ३०० किलोपास्कल असा सेन्सर आहे आणि त्याला ५ ऐवजी ४.९ व्होल्टच मिळाले. गेजला हे माहीत नसेल, तर १६० किलोपास्कलच्या जागी ते १५६ दाखवेल. खराब तारेपायी अर्धा पीएसआय गायब.

८. केबिनमध्ये तार किंवा नळी जिथून जाते तिथे रबरी ग्रोमेट लावा. पत्र्याची कड सहा महिन्यांत काम तमाम करते.

शून्य तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका. बूस्ट गेजने शून्य दाखवायला हवं. निरपेक्ष सेन्सर असेल तर त्याने त्या जागेचा हवेचा दाब दाखवायला हवा.

“त्या जागेचा” हे महत्त्वाचं. हवामानाच्या ॲपमध्ये दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. तुम्ही १,५०० मीटर उंचीवर असाल तर ॲप १,०१३ हेक्टोपास्कल सांगेल आणि प्रत्यक्ष दाब ८४५ च्या आसपास असेल. ॲपचा आकडा वजा केलात तर तुमचा बूस्ट तब्बल २.४ पीएसआयने कमी निघेल. अनेक फोनमध्ये स्वतःचा दाब सेन्सर असतो. त्याचा कच्चा आकडा दाखवणारं ॲप वापरा, किंवा गाडीनेच सांगितलेला बाहेरचा दाब घ्या.

काही डिजिटल गेज किल्ली फिरवताच जो दाब दिसेल त्याला शून्य मानतात. घाटाच्या पायथ्याशी गाडी सुरू करून हजार मीटर वर चढलात तर बाहेरचा दाब ११-१२ किलोपास्कलने उतरलेला असतो, पण गेजचं शून्य पायथ्यालाच अडकलेलं. अशा वेळी वर पोचल्यावर गाडी बंद करून पुन्हा सुरू करणं हाच उपाय.

आता इंजिन सुरू करून आयडलला बघा. गरम झालेलं निरोगी इंजिन समुद्रसपाटीजवळ साधारण १७ ते २१ इंच पारा व्हॅक्यूम दाखवतं. उंचावर थोडा कमी. इथे काटा शून्याजवळच रेंगाळत असेल तर नळी एक तर सुटली आहे, नाहीतर थ्रॉटलच्या आधी जोडली आहे.

हातपंपाची परीक्षा

दाब देणारा छोटा हातपंप आणि भरवशाचं दुसरं गेज, दोन्ही टीने जोडून आपल्या गेजच्या नळीला लावा. मॅनिफोल्डकडचं टोक काढून तिथून दाब द्यायचा. रिस्ट्रिक्टर वाटेत असेल तर काटे स्थिरावेपर्यंत क्षणभर थांबा. आधी ५, मग १०, मग तुमच्या अपेक्षित कमाल बूस्टइतका दाब द्या. सेन्सरची मर्यादा ओलांडू नका. दोन्ही गेजचे आकडे लिहून घ्या. मग पंप थांबवून एक मिनिट बघत राहा. दाब उतरत असेल तर सांधा गळतो आहे. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे चोर दाखवतात.

आपलं गेज सगळीकडे ०.३ ने कमी दाखवतं असं निघालं तर फेकून देऊ नका. चूक ठरावीक असली की ती बेरजेत धरता येते. चूक दर वेळी वेगळी येत असेल तर मात्र गेज परत करा.

ओबीडी स्कॅनरवर विसंबता येईल का

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र. त्यावर विसंबता येईल, पण त्याच्या मर्यादा ओळखून. मॅनिफोल्डच्या दाबाची प्रमाणित नोंद एका बाइटमध्ये येते, म्हणजे ० ते २५५ किलोपास्कल, एकेका किलोपास्कलच्या टप्प्याने. बाहेरचा दाब १०० असेल तर बूस्टची कमाल १५५ किलोपास्कल, सुमारे २२ पीएसआय. बहुतेक सुपरचार्ज्ड गाड्यांना एवढं पुरतं. बाहेरच्या दाबाची नोंदही वेगळी मिळते. एकातून दुसरं वजा करा, झाला बूस्ट.

अडचण वेगाची आहे. तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० ते ६,५०० आरपीएम गाठायला सहा सेकंद लागले आणि स्कॅनर सेकंदाला दोनच नोंदी देत असेल, तर दोन नोंदींमध्ये तीनशेहून जास्त आरपीएम निघून जातात. वर स्कॅनर एकेक गोष्ट आळीपाळीने विचारतो, म्हणून शेजारी दिसणारे आरपीएम आणि दाब हे एकाच क्षणाचे नसतात. उपाय सोपा: नोंदी चारच ठेवा. मॅनिफोल्डचा दाब, आरपीएम, थ्रॉटलचा कोन आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. बाहेरचा दाब सुरुवातीला एकदा लिहून घेतला की पुरे.

आणि एक तपासणी आवर्जून करा. काही गाड्यांत ब्लोअरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन दाब सेन्सर असतात. स्कॅनरवर भर थ्रॉटलला १०० च्या वर आकडा जातच नसेल तर तुम्ही आधीचा सेन्सर वाचत आहात.

चाचणीचा दिवस

जागा: बंद ट्रॅक किंवा डायनो (गाडी जागेवरच रोलरवर पळवणारं यंत्र). वाहत्या रस्त्यावर गेजकडे बघत ॲक्सिलरेटर दाबणारा माणूस मी एकदा शेजारी बसून अनुभवला आहे. पुन्हा बसणार नाही. नोंद यंत्राने करू द्या, नाहीतर शेजाऱ्याने.

इंजिन आणि तेल पूर्ण गरम हवं. तिसरा गिअर घ्या, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये अडकवा. पहिल्या-दुसऱ्यात चाकं घसरतात आणि आरपीएम इतक्या वेगाने चढतात की नोंदी विरळ होतात. २,००० च्या आसपास गाडी स्थिर करा, ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा आणि लाल रेषेच्या जरा आधी सोडा. ठोके ऐकू आले, इंजिन अडखळलं, तर तत्क्षणी पाय काढा; त्या दिवशी मोजणं संपलं.

असं तीनदा करा. मधल्या वेळात दोन-तीन मिनिटं सावकाश चालवा, म्हणजे ब्लोअर आणि इंटरकूलर निवतील. तीन आलेख एकमेकांवर ठेवल्यावर अर्ध्या पीएसआयच्या आत जुळले तर मोजमाप भरवशाचं. तापमान चढत गेलं आणि आकडे हलत गेले तर तेही लिहून ठेवा.

गेजचं “पीक” बटण विसरा. क्षणभराचा एखादा दाबाचा झटका आला, तरी पीक तोच पकडून ठेवतं. मित्रांना सांगायला तो आकडा छान असतो, बाकी उपयोग शून्य.

थ्रॉटलचा कोन नोंदवायला सांगितला त्याचं कारण असं: नव्या गाड्यांत पेडल आणि थ्रॉटल यांच्यात तार नसते. तुम्ही पेडल पूर्ण दाबलेलं असतं, पण हवा फार गरम झाली किंवा टॉर्कची मर्यादा आली की ईसीयू गुपचूप थ्रॉटल मिटतो. बूस्ट उतरलेला दिसतो आणि माणूस पट्ट्याला दोष देतो.

आलेख काय सांगतो

रूट्स किंवा ट्विन स्क्रूचा बूस्ट लवकर उभा राहतो आणि पुढे जवळपास सपाट किंवा किंचित चढता राहतो. सेंट्रिफ्यूगलचा दाब वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो: ६,५०० ला १० पीएसआय असेल तर निम्म्या वेगाला जेमतेम अडीच. या गाडीत “किती आरपीएमला” हे न सांगता दिलेला आकडा मी ऐकूनच घेत नाही.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच कमी बूस्ट दिसला तर बायपास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही किंवा मोठी गळती आहे, असा संशय आधी घ्या. बूस्ट नीट चढून वरच्या आरपीएमला ढासळत असेल तर पट्टा घसरतो आहे का बघा. पुलीजवळ काळी भुकटी साचलेली असते. तुंबलेल्या एअर फिल्टरनेही वरच्या टोकाला असंच होतं. फिल्टर नवा घालून एक चाचणी परत केली की दोघांतला फरक कळतो.

बूस्ट अपेक्षेपेक्षा जास्त आला तर पेढे वाटू नका. ब्लोअर हवा ढकलतोय आणि इंजिन ती घेत नाहीये, असाही त्याचा अर्थ होतो. तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे मॅनिफोल्डचा दाब वाढतो आणि ताकद घटते. याच न्यायाने मोकळा एक्झॉस्ट किंवा चांगलं सिलिंडर हेड बसवलं की बूस्ट एखाद-दुसऱ्या पीएसआयने उतरतो आणि गाडी जास्त पळते. काटा खाली आला म्हणून हळहळणारे लोक मी पाहिले आहेत.

उंचीचा हिशेबही इथेच जोडून घ्या. पुली तीच असेल तर ब्लोअर दाबाचं गुणोत्तर (मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब भागिले बाहेरचा दाब) जवळपास तेच ठेवतो. गुणोत्तर १.६ धरलं तर समुद्रसपाटीला ८.८ पीएसआय मिळतो आणि १,५०० मीटरवर ७.४ च्या आसपास. दीड पीएसआय कुठे गेला म्हणून बोनेट उघडण्याआधी उंची बघा.

वहीतली एक ओळ

प्रत्येक चाचणीसाठी मी एवढं लिहितो: तारीख, बाहेरचा दाब, बाहेरचं तापमान, नळी कुठे जोडली, पुलीचा व्यास, गिअर, आणि ३,०००, ४,०००, ५,०००, ६,००० आरपीएमला बूस्ट. ब्लोअरचा वेगही काढून ठेवतो. क्रॅंकची पुली १८० मिलिमीटर आणि ब्लोअरची ७२ असेल तर गुणोत्तर अडीच. ६,००० आरपीएमला ब्लोअर १५,००० ने फिरतो. उद्या छोटी पुली बसवायचा मोह झालाच, तर ब्लोअरच्या निर्मात्याने दिलेली वेगमर्यादा याच आकड्याशी ताडून बघायची आहे.

पहिल्या चार-पाच फेऱ्यांनंतर, इंजिन गार असताना, सगळ्या क्लिपा परत एकदा पिळून बघा. नवी नळी गरम-गार होताना आकसते, आणि पहिली ढिली पडते ती नेमकी मॅनिफोल्डजवळची, जिथे हात नीट पोचत नाही.